मदत हवी आहे: गोल्फ कार्टची एकच बॅटरी बदलावी की सहाही?

शिवोलीत टेकडीच्या उतारावर आमची सुट्टीच्या घरांची वसाहत आहे. पाहुण्यांचं सामान वाहायला सहा आसनी, ४८ व्होल्टची कार्ट आहे. कार्ट नोंदणीकृत नसल्याने फक्त आतल्या रस्त्यांवर चालते. ८ व्होल्टच्या सहा पाण्याच्या (लेड-अॅसिड) बॅटऱ्या, वय साडेतीन वर्षं.

सपाटीवर ठीक, पण भरलेली कार्ट चढावर रेंगाळते. रात्रभर चार्ज करून तासाभराने ५०.४ व्होल्ट मिळतात. चढावर पाच बॅटऱ्या ७.७ च्या आसपास राहतात, चौथी मात्र ६.३ वर येते. तिच्या एका सेलमधल्या आम्लाची ग्रॅव्हिटी (घनता; कमी म्हणजे चार्ज कमी) १.१८०, बाकी सगळीकडे १.२६० च्या वर.

डिस्टिल्ड वॉटर भरलं, इक्वलाइझ चार्ज (सगळे सेल समान पातळीवर आणणारा जादा चार्ज) दिला, खाऱ्या हवेने हिरवट झालेले टर्मिनल सोडा-पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावलं. सॉलेनॉइड (मोटरला वीज जोडणारा स्विच) तपासला, ब्रेक चाकाला घासत नाहीत.

जुन्या संचात नवी बॅटरी लवकर खराब होते हे माहीत आहे. तरी एकच बदलून हा मोसम निघेल का? आणि लिथियम बसवलं, तर चार्जर बदलावा लागेलच, पण पूर्ण चार्जवर उतरताना रीजनमुळे (मोटर बॅटरीत परत वीज भरते त्यामुळे) बीएमएस (बॅटरीचं संरक्षक सर्किट) ट्रिप होऊन मोटरचा ब्रेक जातो का? असा उतार असणाऱ्यांनी काय केलं?