तिकीट फोनवर आले, पण सोबत निघणे अवघड झाले

निशाचर
डिजिटल तिकिटांमुळे क्लबचे दार सर्वांना सारखेच उघडे झाले आणि तरुणांचे रात्रीचे जग अधिक मोकळे झाले, असे ठासून सांगणारा एक लेख काल वाचला. त्याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. तिकिटे आता टप्प्याटप्प्याने विक्रीला येतात. पहिला टप्पा स्वस्त असतो आणि शेवटचा सर्वांत महाग. ज्याच्या खात्यात आधीपासून पैसे असतात त्याला स्वस्त तिकीट मिळते, तर ज्याचा पगार उशिरा होतो तो त्याच रात्रीसाठी, त्याच संगीतासाठी जास्त मोजतो किंवा घरी बसतो. आमच्या गटात हे वारंवार घडले आहे. जो सर्वांची तिकिटे काढतो, त्याच्यावर नंतर मित्रांकडे वसुली करण्याची वेळ येते आणि त्यातून आलेला अवघडलेपणा नाचाच्या रात्रीपेक्षा जास्त दिवस टिकतो. मनात आले म्हणून रात्री उठून निघण्यातले आणि दारावरच तिकीट काढण्यातले सुख तर जवळजवळ संपलेच आहे.

मध्यरात्र
आपण ज्या जुन्या दाराची आठवण काढता, त्या दारावर माझ्या मैत्रिणीला कपड्यांवरून परत पाठवले होते आणि आमच्यासोबतच्या मुलांना "मुलींची संख्या कमी आहे" असे सांगून थांबवले होते. पाहुण्यांच्या यादीत नाव असणारे आमच्या डोळ्यांसमोर आत जात होते. तिकीट आधी घेतले असेल तर नकार देणाऱ्याला निदान कारण विचारता येते आणि परतावा मागता येतो. हा फरक ज्याला कधीच अडवले नाही त्याला किरकोळ वाटू शकतो.

निशाचर
प्रवेश नाकारण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राखून ठेवल्याची अट बहुतेक तिकिटांवर आजही असते. बर्लिनच्या बेर्घाइनसारख्या क्लबमध्ये तर आत कोणाला सोडायचे हे दारावरचा माणूसच ठरवतो. तेव्हा मनमानी संपली असे म्हणू नका.

पडद्यामागे
मी छोटे कार्यक्रम भरवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. डीजेचे मानधन, ध्वनियंत्रणेचे भाडे आणि सुरक्षारक्षकांचे पैसे कार्यक्रमाआधी द्यावे लागतात. आगाऊ विक्री झाली नाही तर मला रात्र रद्द करावी लागते. स्वस्त पहिला टप्पा ही लवकर विश्वास टाकणाऱ्याला दिलेली सवलत आहे, त्यात गरिबांवर अन्याय करण्याचा हेतू नाही.

धैवत
हेतूबद्दल वाद नाही. खरा त्रास आहे तिकीट दुसऱ्याला देण्याचा, आणि त्यावर कोणी बोलतच नाही. मित्र आजारी पडला तर त्याचे कागदी तिकीट दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होता येत असे. आता दर काही सेकंदांनी बदलणारा कोड आला आहे. टिकेटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीने तो 2019 साली आणला. त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. लंडनमध्ये 2014 साली सुरू झालेल्या डाइस या तिकीट ॲपवर तिकीट ॲपमध्येच राहते आणि सर्व तिकिटे संपलेली असतील तर परत केलेले तिकीट प्रतीक्षायादीतल्या अनोळखी माणसाकडे जाते. माझी रिकामी जागा कोणाला द्यायची, हे मी ठरवायला हवे. शिवाय गटाची तिकिटे एकाच फोनमध्ये असली आणि तोच उशिरा आला, तर बाकीचे सगळे दाराबाहेर ताटकळत उभे राहतात.

पडद्यामागे
हे बंधन नसते तर दलालांनी तिकिटे घाऊक उचलून दामदुप्पट किमतीने विकली असती. बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारे प्रोग्रॅम, वापरून तिकिटे लाटण्याविरुद्ध अमेरिकेला 2016 मध्ये कायदा करावा लागला, तो उगाच नाही. एकाच तिकिटाच्या प्रती घेऊन आलेली, फसवली गेलेली मुले मी दारावर रडताना पाहिली आहेत.

धैवत
दलालांना आवरण्यासाठी मित्रांना शिक्षा का? मूळ किमतीतच हस्तांतर करता येईल अशी सोय ठेवा, म्हणजे दलालाला नफा उरणार नाही. काही ॲपवर ती सोय आहे, मग इतरांनी का देऊ नये? आपण प्रत्येक वेळी दलालाचे नाव पुढे करून आमचे म्हणणे उडवून लावता, याचा मला मनापासून संताप येतो.

मध्यरात्र
भांडण हस्तांतरावर अडकले आहे, म्हणून याच ॲपची दुसरी बाजू सांगते. कोणते मित्र कुठे जाणार आहेत हे काही ॲप दाखवतात. माझ्या एका मैत्रिणीने नाते तोडल्यावर तो माणूस ती जाईल त्या प्रत्येक ठिकाणी हजर राहू लागला, कारण ओळखीच्यांच्या यादीत ती त्याला दिसत होती. तिने जाणेच थांबवले. दुसरीला त्याच यादीतून कळले की गट तिला न सांगता निघाला आहे. डिजिटल तिकिटाची बाजू मी घेतली आणि अजूनही घेते, पण ही यादी आपोआप उघडी असता कामा नये. ज्याला दिसायचे आहे त्याने ती स्वतः सुरू करावी.

निशाचर
या एका मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत आहे, नाइलाजाने का होईना.

पडद्यामागे
यादी माझ्या हातात नाही. मूळ किमतीतले हस्तांतर मात्र पुढच्या वेळी खुले ठेवीन आणि थोडी तिकिटे दारावर, पहिल्या टप्प्याच्याच दरात ठेवीन. ती उरली तर तोटा माझा असेल, हेही लक्षात असू द्या.

धैवत
दारावरची तिकिटे किती, ते आधी जाहीर करा. त्याशिवाय कोणी भरवशाने निघणार नाही.