नोटिशीआधी पुरावा जपावा
इंटरनेटवरील मजकुरातून आपली बदनामी झाली की लगेच वकिलाची नोटीस धाडावी, असा सल्ला दिला जातो; तो मला घाईचा वाटतो. नोटीस हाती पडताच समोरची व्यक्ती बहुधा मजकूर काढून टाकते आणि मग नेमके काय लिहिले होते हेच सिद्ध करणे अवघड होऊन बसते. म्हणून आधी पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट दुवा, दिनांक व वेळ यांसह जपून ठेवावेत, आणि तो मजकूर वाचून ज्यांनी आपल्याशी व्यवहार थांबवला, त्यांचे संदेशही खोडू नयेत. वकिलाला शब्द जसेच्या तसे दाखवावेत, कारण 'यांचे काम मला आवडले नाही' हे मत ठरते, तर 'यांनी पैसे खाल्ले' हा वस्तुस्थितीविषयीचा आरोप असतो आणि दावा सहसा अशाच आरोपावर उभा राहतो. त्या आरोपात काही अंशी तथ्य असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगून टाकावे; लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की वकीलही हतबल होतो. मुदतीचे भान मात्र हवे: अनेक देशांत दिवाणी दाव्यासाठी मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून जेमतेम 1 वर्ष मिळते. केवळ खुलासा व दिलगिरी हवी असेल, तर नोटिशीत तेवढेच मागावे. भरपाईचा फुगवलेला आकडा पाहून माफी मागायला निघालेला माणूसही वकील गाठतो.