मदत हवी आहे: पेनिसिलिन ॲलर्जीची चुकीची नोंद फिजिशियनने काढावी का?

नमस्कार. मी मेडिसिन वॉर्डात काम करते. आमच्याकडे ॲलर्जीतज्ज्ञ नाहीत. केसपेपरवर 'पेनिसिलिन ॲलर्जी' असलेले रुग्ण मात्र सतत येतात. नीट विचारलं की कळतं, कुणाला लहानपणी तापात अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिन गटातलंच औषध) चालू असताना पुरळ आलं होतं, कुणाला नुसती मळमळ झाली होती, कुणाच्या आईला ॲलर्जी होती म्हणून यांच्याही नावापुढे ती लागली. अशी नोंद असलेल्या दहातल्या नऊ जणांना तपासणीअंती पेनिसिलिन चालतं. खरी ॲलर्जीसुद्धा दहा वर्षांत सुमारे 80 टक्के लोकांची ओसरते. तरी आम्ही व्हॅन्कोमायसिन नाहीतर क्विनोलोन अशी दुसरी अँटिबायोटिक्स लिहीत राहतो, आणि रुग्णाला सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब, एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू) असे धोके पत्करावे लागतात. हे मला आता बघवत नाही.

आम्ही पेन-फास्ट स्कोअर (ॲलर्जी खरी असण्याची जोखीम गुणांत मोजायची पद्धत) वापरायचं ठरवतोय: रिॲक्शन गेल्या पाच वर्षांतली असेल तर 2, ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी तीव्र ॲलर्जी), अँजिओएडिमा (ओठ, चेहरा, घसा यांना सूज) किंवा त्वचेची गंभीर रिॲक्शन असेल तर 2, उपचार लागले असतील तर 1. बेरीज 3 पेक्षा कमी असेल तर स्किन टेस्ट न करता थेट तोंडावाटे पेनिसिलिनचा डोस. 2023 च्या पॅलेस चाचणीत अशा प्रौढांमध्ये थेट डोस आणि आधी स्किन टेस्ट, दोन्ही गटांत एकेकालाच रिॲक्शन आली, हे वाचलंय. पण वरिष्ठ म्हणतात, "काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

ज्यांनी हे सुरू केलंय त्यांनी कृपया सांगा. मळमळवाल्यांना डोस द्यायची तरी गरज आहे का? आणि काढलेली नोंद पुन्हा उगवू नये म्हणून काय करता?

प्रतिसाद:

डॉक्टर, आमच्याकडे हे काम फिजिशियन आणि क्लिनिकल फार्मासिस्ट मिळून करतात. नुसती मळमळ किंवा फक्त घरच्यांचा इतिहास असेल तर डोस लागत नाही. रुग्णाला समजावून नोंद तिथेच काढतो. त्या रिॲक्शननंतर अमॉक्सिसिलिन घेऊन काही झालं नसेल तरीही तेच, म्हणून हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा.

बाकी कमी जोखमीच्यांना लेखी संमती घेऊन अमॉक्सिसिलिन 250 मिग्रॅ. देतो, ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून तासभर बसवतो. पुरळ उशिराही येऊ शकतं, म्हणून पुढच्या काही दिवसांसाठी फोन नंबर देतो. दमा आटोक्यात नसेल तर थांबा. स्टीव्हन्स-जॉन्सन किंवा ड्रेस (औषधाच्या गंभीर रिॲक्शन), पेनिसिलिनने झालेला हिमोलायटिक ॲनिमिया (तांबड्या पेशी फुटून होणारा) असा इतिहास असेल तर डोस अजिबात नको. वरिष्ठांना सांगा, हे निकष आधीच लेखी प्रोटोकॉलमध्ये उतरवले की एकट्या डॉक्टरवर भार येत नाही.

नोंद पुन्हा उगवते ती जुन्या कागदांतून. वॉर्डाच्या संगणकातून काढली तरी फॅमिली डॉक्टरांकडे, औषध दुकानात ती राहतेच. त्या सगळ्यांना पत्र जायला हवं. डिस्चार्ज कार्डावर तारीख, औषध, डोस आणि 'सहन झाला' असं स्पष्ट लिहा. रुग्णाच्या घरच्यांनाही समोर बसवून सांगा, कारण पुढच्या वेळी इमर्जन्सीत "ॲलर्जी आहे का?" या प्रश्नाला बहुतेक वेळा तेच उत्तर देतात.