टेकाँगला जाण्याआधी: थीम पार्कातले दिवस (अनुभव धागा)

लेकाची ए-लेव्हल (इथली बारावीच म्हणा) डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली आणि तिसऱ्याच दिवशी हा सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरच्या थीम पार्कात कामाला लागला. फेब्रुवारीत टेकाँग, म्हणजे सैन्याच्या प्रशिक्षणाचं बेट. आम्ही इथले पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी. इथे वाढलेल्या मुलाला दोन वर्षांची एनएस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा, चुकत नाही, हे पीआर घेतानाच माहीत होतं, पण तेव्हा तो चार वर्षांचा होता हो! आता रोज रात्री अकराला गाणी गुणगुणत घरी येतो आणि मी फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघत बसते. ज्यांनी किंवा ज्यांच्या मुलांनी सैन्यात जाण्याआधी असं काम केलंय, त्यांनी लिहा ना. सल्ले नकोत, ते घरात भरपूर मिळतात.

सेंगकांग, सिंगापूर

काकू, मी पॉलीवाला, म्हणजे पॉलिटेक्निकचा. कोर्स मार्चमध्ये संपला, सैन्यात भरती जूनमध्ये. मधले तीन महिने सेंटोसावरच्याच युनिव्हर्सल स्टुडिओत, ममीच्या राइडबाहेर उंची मोजायला. १२२ सेंटिमीटरच्या खाली प्रवेश नाही. दिवसभर चिमुरडी त्या पट्टीखाली टाचा उचलून उभी राहायची आणि मी वाकून म्हणायचो, टाचा खाली. एका आजोबांनी नातवाच्या बुटात रुमालाची घडी सरकवली होती. टोक बाहेर डोकावत होतं. मी हसलो, आजोबाही हसले, नातवाने मात्र भोकाड पसरलं. त्याला गप्प करायला मीच उंटासारखे ओठ हलवून दाखवले. मागे रांगेत दोनशे माणसं.

तिथे एक सवय लागते. समोर कुणीही आलं की हसायचं, आणि वाट दाखवायची ती एका बोटाने नाही, अख्खा हात पसरून. पहिल्या आठवड्यात गाल दुखतात, मग ते आपोआप होतं.

आणि तेच नडलं. टेकाँगला पहिल्या दिवशी आईबाबांना बेटावर येऊ देतात, कुकहाऊसमध्ये त्यांच्याबरोबर जेवायचं, मग ते फेरीने परत. बाबा ट्रे परत ठेवताना उगाच दोनदा पुसत होते. नंतर डोक्यावरून मशीन फिरलं, चार आकडी नंबर मिळाला. चौथ्या दिवशी सार्जंट समोरून आले, आणि मी काय करावं? बाजूला सरून, झकास हसून, अख्खा हात पसरून त्यांना वाट करून दिली. वीस पुशअप्स. पाय मात्र तयार होते. आठ-आठ तास उन्हात उभं राहायची प्रॅक्टिस पगार घेऊन झाली होती.

जुरोंग, सिंगापूर

मी असलं काही केलं नाही. दोन महिने झोपलो, आईच्या हातची थालीपिठं खाल्ली. नंतर आउटफील्डला, म्हणजे जंगलातल्या सरावात, पावसात खड्डा खणताना त्या झोपेचीच आठवण यायची, थीम पार्कची नाही. तेव्हा काकू, आमच्याही पार्टीची नोंद असू द्या.

अश्दोद, इस्राएल

आमच्याकडे मुलींनाही जावं लागतं. मी १९८६ च्या उन्हाळ्यात तेल अवीवच्या लुना पार्कमध्ये तिकिटं फाडायला होते. संध्याकाळी समुद्राकडून वारा यायचा, पाळणा वर जायचा आणि पोरी किंचाळायच्या. मला वाटायचं, हे असंच चालू राहावं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू; माझी आजी रेवदंड्याची, ती त्याला जत्राच म्हणायची. शेजारणींना सांगायची, नात शिकते आहे. सैन्यात जाणार म्हणून तिने मलिदा केला, पोह्यांत खोबरं कालवलं, सगळ्या वाड्याला बोलवावं तशी सगळी इमारत बोलावली. नात बंदूक उचलणार याचा अभिमान, पण जत्रेत बसते हे कुणाला कळायला नको! शेवटच्या दिवशी मी तिला घेऊन गेले. पाळण्यात बसली नाही. पर्स पोटाशी धरून माझ्या खुर्चीवर बसली आणि तासभर तिनेच तिकिटं फाडली, अगदी रेघेवर.

पुणे (आधी सुवोन, दक्षिण कोरिया)

पोस्टडॉकला होतो तेव्हा लॅबमधला एक पोरगा योंगिनच्या एव्हरलँडमध्ये काम करून आलेला. ॲमेझॉन एक्सप्रेस म्हणून पाण्यातली राइड आहे, तिथले कामगार सुरक्षेच्या सूचना चालीवर, नाचत म्हणतात. शब्द इतक्या झपाट्याने की मला वाक्याच्या शेवटी फक्त टाळी कळायची. नोनसानच्या सैनिकी प्रशिक्षण केंद्रात भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात आम्ही त्याला सामग्योप्साल, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस, खायला नेलं. (मी शाकाहारी. लसूण आणि लेट्यूस खाल्लं.) सगळ्यांनी आग्रह केला, तर तो खुर्चीवर उभा राहून म्हणायला लागला आणि मध्येच अडकला. पुढची ओळच आठवेना. अठरा महिन्यांनी सुटून आला तेव्हा दारातूनच अख्खं म्हणून दाखवलं. म्हणे, रात्रीच्या पहाऱ्यावर दुसरं काय करणार.

पुन्हा मी

अश्दोदच्या ताई, आजींचं वाचून दाखवलं, घरात सगळे हसले. उंटाचे ओठ लेकालाही येतात म्हणे, आत्ता कळलं. परवा शनिवारी त्याची शेवटची पाळी. रविवारची आम्हा दोघांची तिकिटं त्याने स्वतःच्या पगारातून काढलीत. पाण्यातल्या राइडला मी बसणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलंय. तो म्हणतो, आई, पॉन्चो मी आणलाय.