मदत हवी आहे: कागदावर दीड वर्ष चालणारी बॅटरी दोन आठवड्यांत बसते

मंडळी, द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजायला ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड आणि एसएक्स१२७६ लोरा मॉड्यूल (लांब पल्ल्याचा रेडिओ) लावलंय. वायफाय, ब्लूटूथ बंद. दर १५ मिनिटांनी नोड (हा सगळा संच) जागा होतो, रीडिंग पाठवतो, परत डीप स्लीप, म्हणजे चिपचं जवळपास सगळं बंद. सेल १८६५० आकाराचा लिथियम-आयन, २६०० एमएएचचा, बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवर जोडलेला.

हिशोब असा: जागेपणी २ सेकंद सरासरी ८० मिलिअँप, झोपेत १० मायक्रोअँप (डेटाशीटमधला आकडा). तासाला चार फेऱ्या धरल्या तर सरासरी ०.१९ मिलिअँप. दीड वर्ष कुठे गेलं नाही! प्रत्यक्षात दोन आठवड्यांत नोड गप्प. गंमत म्हणजे सेल काढून मोजला तर ३.७ व्होल्ट दाखवतो, म्हणजे संपलेलाही नाही.

मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला. मायक्रोअँप रेंजवर बोर्ड सारखा रीसेट होतो. मिलिअँप रेंजवर झोपेतही ५ च्या आसपास आकडा. मीटर स्वस्तातला आहे, त्यावर किती विसंबायचं? पॉवर प्रोफायलर (क्षणाक्षणाचा करंट नोंदवणारं यंत्र) महाग पडतो, म्हणून आधी विचारतोय. असे आणखी नोड लावायचेत, आणि दर पंधरवड्याला ओळीओळीतून सेल बदलत फिरणं काही जमायचं नाही.

उत्तर:
दादा, मीटर खरं सांगतोय. बोर्डावरच्या तीन पायांच्या रेग्युलेटरवर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग) १११७ लिहिलंय का बघा. एएमएस१११७ स्वतःच ५ मिलिअँपच्या घरात खातो. ईएसपी झोपला तरी याचं खाणं चालूच. शिवाय त्याला आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त इनपुट लागतं. सेल ३.७ वर आला की पलीकडे २.६ च उरतात, लोरा पाठवायला गेलं की ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज कमी पडून चिप रीसेट. सेलमध्ये जीव असून नोड बंद पडतो तो यामुळे.

मायक्रोअँप रेंजचा शंट (करंट मोजायचा मीटरमधला रेझिस्टर) बहुतेक मीटरमध्ये १०० ओहमच्या आसपास असतो. त्यातून ८० मिलिअँप जायचे तर ८ व्होल्ट पडतील, तेवढे सेलमध्येच नाहीत, म्हणून त्या रेंजवर बोर्ड रीसेट होतो. बोर्ड जागा असताना मीटरची दोन्ही टोकं वायरने शॉर्ट ठेवा, झोपला की वायर काढून वाचा.

रेग्युलेटर काढून एमसीपी१७०० बसवा, त्याचा स्वतःचा खप जेमतेम २ मायक्रोअँप. तो २५० मिलिअँपपर्यंतच देतो, पण तुमचं वायफाय बंद आहे, चालेल. पॉवरचा एलईडी उखडा. आणि कोडमध्ये लोराला स्लीपला पाठवताय ना? स्टँडबायमध्ये राहिला तर तो एकटाच दीड मिलिअँप पितो. एवढं करून परत मोजा, प्रोफायलरचं नंतर बघू.