स्वतः छापलेलं पुस्तक ओळखीपाळखीतून कसं खपवायचं?

जेलरोडकर
नमस्कार मंडळी. वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते (स्टॅम्प वगैरे छापणारा सरकारी छापखाना, नोटांची प्रेस वेगळी, पण नाशिकरोडलाच). क्वार्टरमधले दिवस, प्रेसचा भोंगा, गणपतीतली नाटकं, आणि वडील स्टॅम्प छापायच्या खात्यात असूनही गावाकडचे सगळे त्यांना "एखादी कोरी नोट आण की रे" म्हणायचे ते, असं सगळं लिहून मी स्वतःच पुस्तक छापलंय. 500 प्रती, किंमत 250. दुकानदार 40 टक्के मागतात म्हणजे मला 150 उरणार, त्यातले 110 तर छपाईलाच गेलेत, आणि तेही पैसे प्रत विकली गेली तर. ऑनलाईन टाकलंय पण नाव माहीत असल्याशिवाय कोण शोधणार? आत्तापर्यंत जे खपलं ते कोणीतरी कोणाला तरी सांगितलं म्हणूनच. आता नातेवाईक संपले. ग्रुपवर टाकलं की नुसते अंगठे येतात. सारखं सारखं सांगायची लाज पण वाटते. काही प्रती फुकट वाटून बघू का?

त्रिमूर्तीचौक
फुकट अजिबात नको! फुकटचं पुस्तक टीव्हीच्या कपाटात उभं राहतं आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातं. माणसाने 250 मोजले की निदान वाचून तरी बघतो. आणि ग्रुपवर टाकणं बंद करा, तिथे सगळ्यांना सांगितलं म्हणजे कोणालाच नाही सांगितलं.

कॉलेजरोडची वाचक
थोडं वेगळं मत. फुकट द्या, पण बोटांवर मोजण्याइतक्या लोकांना, ज्यांचं चार जण ऐकतात अशांना. प्रत्येक कॉलनीत एक काका असतात ज्यांना कोण कधी रिटायर झालं, कोणाचा मुलगा कुठे असतो सगळं पाठ असतं, ज्येष्ठ नागरिक संघाची किल्ली पण त्यांच्याच खिशात. त्यांना एक प्रत त्यांची म्हणून द्या आणि एक फिरवायला द्या.

आणि मी वाचक म्हणून सांगते, "छान आहे, घ्या" म्हटल्यावर मी आजवर एकही पुस्तक घेतलेलं नाही. मैत्रीण म्हणते ना की अगं त्यात ते अमुक आहे बघ, तुझ्या सासऱ्यांसारखंच, तेव्हा घेते. तुमच्याकडे ती कोऱ्या नोटेची गोष्ट आहे, प्रेसमधल्या प्रत्येक घरात ती घडलेली असणार! ज्यांनी वाचलंय त्यांना अभिप्राय मागू नका, लोक बिचकतात आणि मग सुवाच्य अक्षरात खोटं लिहितात. फोन करून नुसतं विचारा काय लक्षात राहिलं, आणि मग विचारा की हे ऐकून अजून कोणाला हसू येईल. एक नाव मिळालं तरी पुरे. त्या माणसाला तुम्ही फोन करू नका, नाव सांगणाऱ्यालाच करू द्या.

जेलरोडकर
हे पटलं. पण सांगणाऱ्याला काही कमिशन द्यावं का? एक जण म्हणाला प्रतीमागे 50 दे, मी 20 खपवतो.

निफाडचा पाव्हणा
नका देऊ दादा. मी कवितासंग्रह काढलाय म्हणून बोलतो (कविता, म्हणजे तुमच्यापेक्षा अवघड दुखणं). पैसे मिळतात असं कळलं की त्या माणसाच्या शब्दाची किंमत गेली, लोक विम्याच्या एजंटासारखे टाळायला लागतात. त्यापेक्षा पाच प्रती एकदम घेणाऱ्याला 200 ने द्या, तो निवृत्ती समारंभाला नाहीतर साठीशांतीला भेट देईल.

खरी गळती दुसरीकडेच आहे. सांगणारा सांगतो, ऐकणाऱ्याला घ्यावंसं वाटतं, आणि पुस्तक कुठे मिळतं तेच माहीत नसतं, रात्र गेली की विषय संपला. नाशिकरोडला ओळखीच्या स्टेशनरीवाल्याकडे किंवा दवाखान्यात पाच प्रती ठेवा, पैसे तुमच्या क्यूआरवर, आणि कोणाकडे किती ठेवल्या ते वहीत लिहा, तोंडी हिशोबात मैत्री जाते. बाहेरगावी पाठवताना खर्च आधी मोजा, स्वस्तातली रजिस्टर्ड बुक पोस्टची सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली, एकेक प्रत पाठवण्यात कमाईचा बराच भाग जाऊ शकतो. पुण्याला कोणी चाललं असेल तर त्याच्याबरोबर दहाचा गठ्ठा द्या आणि तिथे एकाच घरी ठेवा. देवासला पण नोटांची प्रेस आहे, तिकडे वडिलांच्या ओळखीचं कोणी असेल तर बघा.

त्रिमूर्तीचौक
सार्वजनिक वाचनालयात पण प्रत द्या राव, 1840 पासूनचं आहे ते.

निफाडचा पाव्हणा
लायब्ररीत दिली की लोक तिथेच वाचतात, विकत कोण घेतंय.

कॉलेजरोडची वाचक
उलट आहे, तिथे वाचणारेच तर दुसऱ्यांना सांगतात! कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या "ग्रंथ तुमच्या दारी"वाल्यांनाही (पुस्तकांच्या पेट्या वाचकांकडे फिरवतात ते) विचारून बघा, पेटीत गेलं तर एक प्रत किती घरांत फिरेल. आणि मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे येणारे तुमचेच वाचक आहेत, पण टेबल मांडून बसू नका, पिशवीत दोन प्रती ठेवा आणि विषय निघाला तरच काढा.

जेलरोडकर
ते किल्लीवाले काका आमच्याकडे खरंच आहेत, रविवारी जातो. क्यूआर पुस्तकात छापायचा राहिला, आता काय करू?

निफाडचा पाव्हणा
स्टिकर. मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला, सोबत तुमचा नंबर आणि "हे पुस्तक आवडलं तर पुढची प्रत इथे" एवढंच. समोरच्या कव्हरवर लावू नका, मिठाईचं खोकं दिसतं.