‘शॅडोबॅन’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: आमच्या ग्रुपवर उजवे म्हणतात ‘आमची रीच मारली’, डावेही तेच म्हणतात. खातं बंद होत नाही, पोस्ट आपल्याला दिसते, इतरांना मात्र फारशी दिसत नाही. याला शब्द सुचवा. ‘छायाबंदी’ नको, सावलीत उभं राहायला मनाई केल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद: वाळीत टाकणे?

प्रतिसाद: छे. वाळीत टाकलेल्याला पहिल्याच दिवशी कळतं, गावकी बसून ठराव होतो. इथे ज्याला टाकलं त्यालाच पत्ता नसतो. ‘अनुल्लेखाने मारणे’ जरा जवळचं, पण तिथे बाकीचे जाणूनबुजून गप्प बसतात. इथे बाकीच्यांपर्यंत काही पोचतच नाही. मी साधं ‘दडपणे’ म्हणेन. ट्विटरने २०१८ मध्ये ‘आम्ही शॅडोबॅन करत नाही’ म्हटलं, पण व्याख्या अशी केली की लेखकाशिवाय कुणालाच पोस्ट दिसली नाही तरच तो शॅडोबॅन! डिसेंबर २०२२ मध्ये आतली कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा ‘ट्रेंड्स ब्लॅकलिस्ट’ (ट्रेंडमध्ये येऊ द्यायची नाहीत अशा खात्यांची यादी) दिसली आणि तीत लॉकडाउनवर टीका करणारे, तेव्हा स्टॅनफर्डला प्राध्यापक असलेले जय भट्टाचार्य. दडपणं होतंच, नाव वेगळं होतं.

प्रतिसाद: पण ग्रुपवरची तक्रार नुसती दडपण्याची नाही, ‘आम्हालाच का’ अशी आहे. त्याला अस्सल शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत व्याह्यांच्या पानावर तुपाची धार आणि आपल्या भातावर दोन थेंब. (‘पंक्तिभेद’ मुद्दाम टाळतो, त्याला जातीच्या वेगळ्या पंगतींचा वास आहे.)

प्रतिसाद: शब्द झकास, पण एक अडचण. पंगतीत शेजारचं पान दिसतं. फीडमध्ये प्रत्येक जण भिंतीकडे तोंड करून जेवतो, त्यामुळे तूप आपल्यालाच कमी पडलं असं प्रत्येकाला वाटतं. वाढप्याने हिशेब मांडला तेव्हा उलटंच निघालं: ट्विटरच्याच २०२१ च्या अभ्यासात ७ पैकी ६ देशांत (जर्मनी सोडून) लोकप्रतिनिधींच्या ट्विटांमध्ये उजव्यांना अल्गोरिदमने जास्त उचललं होतं. का, ते कंपनीलाही सांगता आलं नाही.

प्रतिसाद: पानावरून उठवलं कुणाला, तेही बघा. ‘नेचर’मधल्या २०२४ च्या शोधनिबंधात २०२० च्या निवडणुकीत ट्रम्प यांचा हॅशटॅग वापरणारी खाती बायडेन यांचा हॅशटॅग वापरणाऱ्यांपेक्षा ४.४ पट अधिक प्रमाणात निलंबित झालेली आढळली. मात्र तीच खाती भरवशाच्या नसलेल्या बातम्याही कितीतरी जास्त पसरवत होती. मग नियम एकच असला आणि मोडणारे एका बाजूला जास्त असले, तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणायचं का? माझ्या मते नाही. पंक्तिप्रपंचात भूक सारखी, वागणूक सारखी, आणि तरी वाढप्याचा हात आखडतो.

मूळ प्रश्नकर्ता: म्हणजे ‘दडपणे’ ही क्रिया आणि ‘पंक्तिप्रपंच’ हा आरोप. दोन्ही घेतो. ‘पंक्तीप्रपंच’ चालेल ना?

प्रतिसाद: ति ऱ्हस्वच. पंक्ति तत्सम आहे, समासात पहिलं पद आलं की मूळ ऱ्हस्व राहतो.